अंगण धुण्याची तबकडी

पावसाळा सरला की कोकणातली अंगणे काळीहिरवी पडलेली असतात. ओट्यासमोरची लादी, विहिरीची कडा, वजूची जागा, सगळीकडे शेवाळाचा थर. पहाटे फजरसाठी उठणाऱ्या दादी-नानांचा पाय नेमका तिथेच घसरतो, आणि त्या वयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालेलच असे सांगता येत नाही. म्हणून हल्ली बऱ्याच घरांत प्रेशर वॉशर आलेले दिसतात. काही मुलाने आखातातून आणलेले, काही इथल्याच बाजारातले.

पण नुसत्या गनने अख्खे अंगण धुणे म्हणजे खडूच्या टोकाने फळा भरणे. एका फेरीत चार बोटांचा पट्टा निघतो, हात जरा जवळ-दूर झाला की लादीवर झेब्रा उमटतो, आणि चिखल भिंतीवर. या कामासाठी सरफेस क्लीनर मिळतो. उपड्या परातीसारखे गोल झाकण, आत एक दांडा, दांड्याच्या दोन टोकांना नोझल. वेगळी मोटर नसते. पाण्याच्या धारेनेच दांडा गरगर फिरतो. नोझल जमिनीपासून सारख्याच उंचीवर राहतात, म्हणून धुलाई एकसारखी होते.

दुकानात बहुतेकजण सर्वांत मोठी तबकडी उचलतात. आम्ही म्हणू, थांबा, आधी मशीनवरची पट्टी वाचा. घरगुती विजेचे मशीन मिनिटाला साधारण ६ ते ७ लिटर पाणी देते. १२ इंचांऐवजी १५ इंचांची तबकडी घेतली तर व्यास सव्वापट, पण क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त (घरात आठवी-नववीचे मूल असेल तर त्याच्याकडून करून घ्या). पाणी मात्र तेवढेच. मग दांडा रेंगाळतो आणि शेवाळ तसेच राहून गोल गोल रेघा दिसतात. अशा मशीनला १० ते १२ इंच पुष्कळ. मोठ्या तबकड्या जास्त पाणी फेकणाऱ्या पेट्रोलच्या मशीनसाठी असतात.

नोझलच्या भोकाचेही तसेच. भोक मशीनच्या मानाने बारीक असले तर पंपावर ताण येतो, मोठे असले तर धारेत जोर राहत नाही. तबकडीवर लिहिलेला कमाल दाब, म्हणजे बार, मशीनच्या कमाल दाबापेक्षा कमी नसावा. आणि जोड! प्रत्येक कंपनीचा खटका वेगळा. आखातातून आलेल्या मशीनची गन सोबत घेऊनच दुकानात जावे आणि तिथेच बसवून पाहावे. अडॅप्टर मिळतो, पण प्रत्येक जास्तीचा जोड म्हणजे गळतीची एक जास्तीची जागा. झाकणाच्या कडेला ब्रशची झालर हवी, नाहीतर पाणी पायावर उडते.

आता चिऱ्याचे अंगण. जांभा दगड मऊ आणि सच्छिद्र. पूर्ण दाबाने एकाच जागी तबकडी धरली तर शेवाळासोबत दगडाची लाल मातीही वाहून जाते आणि सांध्यांतला चुना-सिमेंट उखडतो. मग पुढच्या पावसात तिथेच जास्त पाणी मुरते. दाब कमी करता येत असेल तर करावा, तबकडी हलती ठेवावी, आणि पहिल्यांदा कोपऱ्यातल्या एका चिऱ्यावर आजमावून पाहावे. जुन्या, भुगा सुटणाऱ्या चिऱ्याला आम्ही तरी खराटाच सुचवू.

ब्लीचिंग पावडर टाकायचीच असेल तर संडास धुण्याच्या ॲसिडसोबत कधीही नाही. त्यातून विषारी वायू निघतो. चालू तबकडी उचलून आत पाहू नये, ती धार कातडी फाडून आत शिरते. मुलांना लांब ठेवावे.

विहिरीचे किंवा टाकीचे पाणी गाळणी लावूनच मशीनला द्यावे. वाळूचा एक कण अडकला तरी एका बाजूचे नोझल बंद पडते आणि तबकडी हातात थरथरू लागते. तसे झाले की मशीन बंद करावे, प्लग काढावा, गनचा खटका दाबून उरलेला दाब सोडावा आणि मगच बारीक सुईने भोक मोकळे करावे.