याला जुगाड म्हणू नका

पिकअपचा क्लच मी घरी, गोठ्यापुढच्या अंगणात बदलला, हे ऐकून पुण्याचे पाहुणे हसले. "वा! काय जुगाड केलात!" कौतुकानंच म्हणाले बिचारे. पण तो शब्द मला झोंबला, अजून झोंबतो.

आधी झालं काय ते सांगतो. वाईतून भाजीचे क्रेट भरून पाचगणीला निघालो होतो. पसरणी घाटात अर्ध्यावर पाय दाबावा तर इंजिन नुसतं कोकलतंय, गाडी काही ओढत नाही. वर जळका वास. क्लच घसरतोय हे कळायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. क्रेट दुसऱ्याच्या टेम्पोत चढवले, गाडी उतारानं हळूहळू परत आणली. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारलं. त्यानं आठ दिवसांचा वायदा केला, आकडा सांगितला आणि वर सल्लाही दिला: जुन्या गाडीवर कशाला घालवता, नवीन घ्या, कर्जाचं आम्ही बघतो. आठ दिवस! तोडणीला आलेला घेवडा आठ दिवस थांबतो काय?

म्हणून पुतण्याला घेतलं आणि सुरुवात केली. बॅटरीची वायर काढली, चाकांना दगडाच्या ओटी लावल्या, चासीखाली जाड ठोकळे दिले. नुसत्या जॅकवर गाडी टेकवून खाली शिरणारे बहाद्दर आमच्याकडं कमी नाहीत. प्रोपेलर शाफ्ट सोडायच्या आधी त्यावर खडूनं खूण केली, जसा होता तसाच परत बसला पाहिजे. मग सेल्फ, गिअरचा दांडा, बेल हाउसिंगचे बोल्ट. वरचे दोन बोल्ट दिसतच नाहीत, बोटांनी चाचपून सोडायचे. त्या दोघांनी अख्खी दुपार खाल्ली. गिअरबॉक्स ट्रॉली जॅकवर तोलून मागं सरकवला, तेव्हा घरची चहा घेऊन आली नि नुसतीच उभी राहिली.

प्लेट बघितली तर रिव्हेटांची डोकी उघडी पडलेली. फ्लायव्हीलवर निळे डाग, नखाला चरे लागत होते. तो वाईला नेऊन लेथवर फेसिंग करून आणला. बेल हाउसिंगमधली धूळ पुतण्या पंपाच्या हवेनं उडवायला निघाला होता, त्याला ओरडलो. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत जातं. ओल्या फडक्यानं पुसली. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, तिन्ही एकदमच नवीन घेतली. बेअरिंग वाचवायचं आणि महिन्याभरात पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा, हा हिशेब शेतकऱ्याला तरी परवडत नाही. प्लेट मधोमध बसावी म्हणून सुताराकडून शाफ्टच्या मापाचा लाकडी दांडा कातून घेतला होता. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत गेलो. एकच बाजू आवळत गेलं तर ती वाकते.

आता सांगा, यात जुगाड कुठाय? तेल पडलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत चढवणं म्हणजे जुगाड. हेच काम काचेच्या केबिनमागं निळ्या गणवेशातल्या पोरानं केलं की ती सर्व्हिस, आणि मी केलं की गंमत? लाकडी दांडा त्यांच्याकडं प्लास्टिकचा असतो, एवढाच काय तो फरक.

पण शहराला नावं ठेवून मी सुटत नाही. हाताच्या कामाला हलकं समजायची खोड आमच्या गावातलीच, फार जुनी. मोटेचा नाडा वळणारा माणूस गावकुसाबाहेर राहायचा. त्याच्या नाड्यावर अख्ख्या मळ्याचं पाणी, आणि सुगीला त्याला पेंढ्या घालताना आमचे वडीलधारे उपकार केल्यासारखं तोंड करायचे. मी ते लहानपणी बघितलंय. मोटा गेल्या, इंजिनं आली, पंप आले. ते तोंड मात्र आमच्याकडं राहिलं.

माझ्याकडंही होतं. सात-आठ वर्षांपूर्वी याच गाडीचा क्लच नाक्यावरच्या मिस्त्रीनं बदलला होता. मी शेजारी बसून सगळं बघितलं होतं, जे काही येतं ते तिथलंच. त्यानं मजुरी सांगितली तेव्हा मी म्हणालो होतो, "एवढ्याशा कामाला?" आणि पाचशे रुपये कापून दिले होते. तो काही बोलला नव्हता.

दोन दिवस गिअरबॉक्सखाली उताणा पडून राहिल्यावर ते पाचशे आठवले. खांदे भरून आले होते, डोळ्यांत माती, कोपरं सोललेली. तिसऱ्या दिवशी भरल्या गाडीनं पसरणीचा घाट चढून आलो आणि येताना नाक्यावर थांबलो. पाचशेच्या दोन नोटा पुढं केल्या, कशाचे ते सांगितलं. त्यानं एक ठेवली, एक परत दिली.

"प्लेट कुठल्या बाजूनं बसवलीस?" त्यानं विचारलं.

"स्प्रिंगांचा फुगवटा गिअरबॉक्सकडं."

"हां," तो म्हणाला, आणि परत गाडीखाली गेला.