दाखल्यांचा आकडा आणि आपले गाव

इतर संशोधक एखाद्याच्या लेखांचा दाखला किती वेळा देतात, त्यावर आता त्याची थोरवी मोजतात. मोजा; पण तेवढ्याने रोगी बरा होत नाही.

डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांचा गोव्यातील अभ्यास २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांची जोड मिळाली, तेव्हा सरकारी केंद्रांतील नैराश्य-चिंतेचे सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले. एरवी सुमारे ४३ टक्के. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही त्यांनी छापले.

शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या आपल्या बुलडाण्यात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा समुपदेशक बसेल, तोच या लेखाचा खरा दाखला. वाचकहो, येत्या ग्रामसभेत ही मागणी जरूर मांडा.