मोठे कटर घेण्याआधी झाडाचा घेर मोजा

फरदड उपटून झाली, दादर अजून शेतात उभी आहे. बांधावरच्या झाडांकडे लक्ष जाण्याचे हेच दिवस. पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, म्हणजे गावच्या भाषेत 'कटर', गटाने घ्यायचीच तर सगळ्यांत मोठी का घेऊ नये, असे बैठकांतून विचारले जाते. आमचे मत सरळ आहे : घेऊ नये.

बाजारातले सर्वांत दांडगे कटर १२० सीसीचे असते. पाते न लावता त्याचे वजन दहा किलोच्या आसपास. तीन फुटी पाते चढवून टाकी भरली की तेरा-चौदा किलो. ते घेऊन झाडावर चढता येत नाही, आणि आपले निम्मे काम तर फांद्यांचेच असते. मधले कटर ५० ते ६० सीसीचे, पाच-सहा किलोचे, १८ ते २० इंची पात्याचे. किंमतही मोठ्याच्या मानाने कितीतरी कमी.

मग मोठे झाड मधल्या कटरने पडेल का? दोरीने घेर मोजा आणि तीनने भागा. ढोबळ जाडी मिळते. २० इंची पाते दोन्ही बाजूंनी चालवले तर तीन फूट जाडीचे खोड कापले जाते. म्हणजे घेर नऊ फूट. आपल्या कोरडवाहू बांधावरची बाभूळ किंवा निंब नऊ फुटांच्या वर किती वेळा भरते? गावात असतील एखादी म्हातारी चिंच आणि पारावरचा वड. वडाला हात लावायची कोणाची छाती होत नाही, हे एका परीने बरेच आहे.

लाकूड कठीण म्हणून मोठे यंत्र हवे, असेही सांगितले जाते. वाळकी बाभूळ कठीण आहे, अंजन तर इतका जड की पाण्यात बुडतो. पण तिथे अडते ते साखळीच्या धारेवर. बुंध्याजवळची माती साखळीला लागली की धार जाते. मग इंजिन कितीही मोठे असो, भुसा पिठासारखा पडतो. दहा रुपयांचे काम कानस करते ते हजारांचे इंजिन करीत नाही. बाभूळ ओली असतानाच कापावी, हे आपल्या वडिलांना ठाऊक होते.

एका गावात आम्ही गटाचे असे दांडगे कटर पाहिले. कोणीतरी ऑइल न मिसळता नुसते पेट्रोल भरले आणि पिस्टन धरला. सगळ्यांचे यंत्र म्हणजे कोणाचेच नाही. यंत्र बंद पडले, वर्गणीचा वाद मात्र चालू आहे. हे निदान यंत्रावर निभावले. पात्याचे टोक लाकडाला अडले की कटर उसळून अंगावर येते आणि वजनदार कटर थकलेल्या हातात आवरत नाही. शेतकऱ्याचा पाय गेला तर हंगाम गेला.

खरी लूट वेगळीकडेच आहे. व्यापारी उभे झाड नजरेने ठरवतो. मोजलेच तर घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतो आणि लांबीने गुणतो. सहा फूट घेराचा, आठ फूट लांबीचा ओंडका या हिशेबात १८ घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात जवळजवळ २३ घनफूट लाकूड असते. चिरताना घट येते म्हणून ही सूट, असे सांगतात. घट येते हे खरे, पण ती धरून भाव पाडायचा आणि मापही कमी धरायचे, अशी दोनदा का कापायची? मोठे कटर दारात उभे केल्याने हा प्रश्न सुटत नाही, टेपाने सुटतो.

आणि परवानगी. १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग, चिंच, आंबा, मोह, जांभूळ, अंजन आहेत. झाड आपल्या बांधावरचे असले तरी विचारावे लागते. जी झाडे तोडायला मोठे कटर लागेल, ती बहुधा याच यादीत सापडतील.

गटाने मधले एक कटर घ्यावे. त्यासोबत दोन साखळ्या, कानस, शिरस्त्राण आणि चालवणारा एकच ठरलेला माणूस असावा. क्वचित मोठे खोड निघालेच तर भाड्याने माणूस-यंत्र बोलवावे. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने नऊ फुटांवरच्या, आणि खरोखर पाडायच्या असलेल्या, झाडांची यादी आणावी. एका गावातून दहा निघाली तर आम्ही मत बदलू.