गॉगल घातला, मग बघायचे कोणी?

गेल्या रविवारी आमच्या चाळीतला एक तरुण हातात डबा घेऊन आमच्या खोलीत आला. लग्नाचे शूटिंग करून तो घर चालवतो. आजोबा गिरणीत होते, आता लोअर परळमध्ये गिरणी नाही, हे वेगळे सांगायला नको. "काका, गॉगल आणलाय," म्हणाला. आम्हाला वाटले, नवरदेव घालतो तसला काळा चष्मा असेल. निघाला डोळ्यांवर घट्ट बसणारा खोका. आत दोन चिमुकले पडदे. ड्रोनच्या नाकावरचा कॅमेरा जे बघतो ते त्या पडद्यांवर दिसते.

त्याने ड्रोनचे पंखे काढून ठेवले, गॉगल आम्हाला घातला आणि ड्रोन हातात धरून गॅलरीतून चालू लागला. आम्ही खाटेवर बसल्या बसल्या शेजारच्या बाईंचे वाळत घातलेले पापड बघितले, नळावरच्या बादल्या बघितल्या. मग आमचेच दार आले आणि दारातून आम्हीच दिसलो, तोंडावर खोका बांधलेला एक म्हातारा. हसू आले. हसता हसता चहाकडे हात नेला तो कप सगळा चादरीवर. गॅलरीच्या टोकाचे पाइप दिसत होते, हाताजवळचा कप दिसत नव्हता.

वाचकहो, या गॉगलची सगळी गोम त्या सांडलेल्या चहात आहे. कॅमेऱ्याला समोरचे दिसते. बाजूने झडप घालणारी घार दिसत नाही, मागची केबल दिसत नाही, मांजा तर मुळीच नाही. लहान ड्रोनसुद्धा ताशी 100 किलोमीटरने जातो, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 28 मीटर. त्यात चित्र येते रेडिओच्या लहरींवर. मध्ये इमारत आली की चित्र फुटते, कधी अजिबात जाते. आपल्याकडे इमारतींना तोटा नाही. श्रीनिवास मिलच्या जागेवर उभा राहिलेला एक टॉवर तर 280 मीटर उंच आहे.

म्हणून बहुतेक देशांत एकच मूळ नियम आहे: ड्रोन नुसत्या डोळ्यांना दिसला पाहिजे. अमेरिकेत 2016 पासून धंद्याच्या ड्रोनला हे बंधन आहे. नंबरचा चष्मा चालतो, पण दुर्बिणीतून दिसले ते दिसले म्हणून धरत नाहीत. मग गॉगलवाल्याने काय करायचे? छंद म्हणून उडवणाऱ्यांसाठी तिथल्या कायद्याने वाट काढली आहे. शेजारी एक माणूस उभा करायचा. त्याने गॉगल घालायचा नाही, ड्रोनवरून नजर हटवायची नाही आणि उडवणाऱ्याशी थेट बोलत राहायचे. युरोपच्या 2019 च्या नियमांतही असा सोबती आहे. आपल्या गच्चीवर पतंगवाल्याच्या मागे फिरकी धरणारा असतो ना, "मागे कठडा आहे" म्हणून ओरडणारा, तसाच तो.

आपल्या देशात 1 डिसेंबर 2018 पासून लागू झालेल्या पहिल्या नियमावलीने दिवसाच आणि नजरेच्या टप्प्यातच, असे सांगितले होते. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी कागदपत्रे बरीच कमी केली. 2 किलोपर्यंतचा ड्रोन हौसेने उडवायला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. पण पैसे घेऊन लग्न टिपायचे म्हणजे हौस नव्हे. शिवाय विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपेक्षा वर जायला हवाई नियंत्रणाची परवानगी लागते. मुंबई पोलीस ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी काढतात, ते निराळेच. "सगळेच उडवतात" हे पोरांचे उत्तर आम्ही ऐकले आहे. ड्रोन नियमांत दंड 1 लाख रुपयांपर्यंत आहे. आणि एकदा गुन्हा नोंदला गेला की नोकरीच्या पडताळणीत तो निघतो. मोठ्या घरच्या पोराला वकील मिळतो, आपल्या पोराची नोकरी जाते.

हे सगळे आम्ही त्या तरुणाला का ऐकवले? कारण मंडळाच्या मुलांनी त्याला गळ घातली होती. 14 एप्रिलची मिरवणूक गॉगल लावून अगदी डोक्यांवरून टिपायची, बॅनरच्या खालून ड्रोन काढायचा. चित्र झकास येईल यात शंका नाही. पण खाली कडेवर पोरे घेतलेल्या आयाबाया असतात. अर्धा किलोचा ड्रोन फिरत्या पात्यांसह गर्दीत पडला तर जखम एकाला होईल, धावाधाव सगळ्यांची होईल. गर्दी अडकली की काय होते ते 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर आपण बघितले आहे. 23 माणसे गेली. त्या सकाळी आपल्यापैकी कितीजण त्याच जिन्याने कामावर निघाले होते!

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून साधा कॅमेरा लावतो." मंडळाची मुले नाराज झाली. होऊ द्या.

गॉगल मात्र त्याने परत केलेला नाही, आणि करूही नये. हा पुढचा धंदा आहे. शेतावर फवारणी, जमिनीची मोजणी, पुलांची तपासणी, सगळीकडे ड्रोन येतो आहे. पायलटच्या प्रमाणपत्राला वय 18 ते 65, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण, एवढेच लागते. इंग्रजी शाळेची अट नाही. फी मात्र आपल्या घराला जड जाते, म्हणून दोनतीन ठिकाणी विचारून, संस्थेची मान्यता बघूनच पैसे भरावेत. तोपर्यंत तो घरच्या कॉम्प्युटरवर खोटा ड्रोन उडवतो आहे. रोज पन्नासदा आपटतो, खर्च शून्य.

परवा डोकावलो तर तो गॉगल लावून बसलेला आणि धाकटी बहीण शेजारी उभी. पडद्यावरचा ड्रोन बघून ती ओरडत होती, "डावीकडे झाड! खाली घे, खाली घे!" आम्हाला बघून तिने विचारले, "काका, त्या परीक्षेला मुली बसतात का हो?" तिचे वय 19, दहावी पास.