भाषणाने चिडवणं थांबत नाही

७ नोव्हेंबर जवळ आला की शाळांत वक्तृत्व स्पर्धेची गडबड सुरू होते. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं, म्हणून २०१७ पासून राज्यात हा विद्यार्थी दिन. भिवाला वर्गात वेगळं बसावं लागे, घरून आणलेल्या गोणपाटावर. पाणी द्यायला शिपाई नसला तर तहानलेलंच राहावं लागे. मुलं हे घडाघडा म्हणतात, बक्षीस घेतात आणि मधल्या सुट्टीत वॉचमनच्या नेपाळी मुलाला ‘कांचा’ म्हणून हाक मारतात.

डोंबिवली-कल्याणकडच्या शाळांत मी हे ऐकलं आहे. कुणी ‘भैया’, कुणी ‘काळी’. आडनावावरून जात काढणारेही आहेत. बाईंनी हटकलं की उत्तर ठरलेलं, “मस्करी करत होतो, बाई!” आगरी मुलगा ‘शाला’ म्हणाला की वर्ग खिदळतो. ज्या गावांच्या भातशेतीवर डोंबिवलीच्या सोसायट्या उभ्या राहिल्या, तिथल्याच पोराच्या बोलण्याला हसायचं, याचा मला संताप येतो.

ही मस्करी कुठवर जाते, ते जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत दिसलं. अरुणाचलच्या निडो तानियाच्या केसांवरून टर उडवली गेली, त्यातून मारहाण झाली आणि तो विद्यार्थी जिवानिशी गेला.

मग करायचं काय? एक वाट जुनीच आहे. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली आणि भांडणं पेटली. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी उपदेश केला नाही, धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा. तो आधी इतर गटांतल्या त्याच तुकड्यावाल्यांबरोबर पक्का करायचा, मग आपल्या गटाला शिकवायचा. चाचणी मात्र सगळ्या धड्यावर.

आपल्याकडे धडा ठाणे जिल्ह्याचाच घ्यावा. कल्याणचं जुनं बंदर, रेल्वे, खाडीकाठची मिठागरं, येऊरचे वारली पाडे आणि फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेले सिंधी निर्वासित, ज्यांच्या वस्तीला १९४९ मध्ये उल्हासनगर नाव मिळालं. गट बाईंनी पाडावेत, मैत्रीवर सोडू नयेत. तुकडे मात्र चिठ्ठ्या टाकून वाटावेत. आगरी मुलालाच मिठागर आणि सिंधी मुलीलाच उल्हासनगर दिलं, तर शिक्का आपणच मारला. आणि ज्याला चिडवतात त्याला वर्गापुढे उभं करून ‘तुला कसं वाटतं?’ असं तर कधीच विचारू नये.

एका नववीत मी हे होताना पाहिलं. आगरी मुलाच्या वाट्याला रेल्वे आली. “१८५४ ला गारी कल्यानला आली,” तो म्हणाला. कुणी हसलं नाही. चाचणीला दहा मिनिटं उरली होती. एक मुलगी घाईने म्हणाली, “थांब ना, ठाण्याला कधी आली ते परत सांग.” “१८५३.” तिने लिहून घेतलं.

एका तासाने सवयी मोडत नाहीत. आठवड्यातून एकदा तरी, निदान एक सत्रभर हे चालावं लागतं. साठ मुलांच्या वर्गात गोंगाट होणार, पस्तीस मिनिटं पुरणार नाहीत. म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती एवढीच, की यंदाच्या विद्यार्थी दिनापासून या कामाला वेळापत्रकात एक जोडतासिका द्यावी.