देवाच्या फळ्यांना उसना रंग

एका देवस्थानाच्या नौबतखान्याचा माळा नुकताच ‘नवा’ करण्यात आला. फणसाच्या जुन्या फळ्या यंत्राने घासल्या, त्यांवर शिसवीसारखा काळसर रंग चढविला आणि वर चकचकीत वॉर्निशाचे तीन हात दिले. मंडळी धन्य झाली. आम्हांस मात्र हे सुशोभन वाटत नाही. देवाच्या मालमत्तेचे नुकसान वाटते.

फणसाचे लाकूड कापतेवेळी पिवळे असते. वयाबरोबर ते तांबूस-तपकिरी होत जाते. हा रंग काळाने दिलेला; तो डब्यात मिळत नाही. त्यास शिसवीचे सोंग देणे म्हणजे आजीच्या पिकल्या केसांना कलप लावणे होय. शिवाय त्या घासणीत सुताराच्या वाकसाच्या खुणाही गेल्या. रंग उद्या खरवडता येईल. त्या खुणा परत कोण आणणार?

कोणी म्हणेल, वॉर्निशाने लाकडाचे रक्षण होते. काही काळ होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु वॉर्निश पृष्ठभागावर पापुद्रा धरते. पावसाळ्यात फळी फुगते, उन्हाळ्यात आकसते; पावलांची वर्दळ असते तेथे पापुद्रा प्रथम फाटतो, आत पाणी शिरते आणि सारा माळा पुन्हा घासावा लागतो. जवसाच्या तेलाचे तसे नाही. ते लाकडात मुरते आणि हवेतील प्राणवायू घेऊन तेथेच घट्ट होते. झिजलेल्या जागी तेवढाच पातळ हात द्यावा, मुरू द्यावा, उरलेले पुसून घ्यावे. खोबरेल मात्र वर्ज्य. ते वाळत नाही, चिकट राहून धूळ धरते. या कामात श्रम आहेत, दिवस जातात. तेलाची फडकी बोळा करून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती उघड्यावर पसरून वाळवावी लागतात. पण देवकार्यात कष्टांचा कंटाळा कधीपासून शोभू लागला?

रंगाशी आमचे वैर नाही. जे काष्ठशिल्प मुळातच रंगविण्यासाठी घडले, त्याचा रंग हे त्याचे वस्त्रच आहे. आमचा आक्षेप सोंगाला आहे, आणि त्याहून अधिक अधिकाराच्या अतिक्रमणाला.

हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती होय, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली स्पष्ट केले. मालमत्ता देवाची, वहिवाटदार केवळ राखणदार. अज्ञान मुलाच्या पालकाने स्वतःच्या हौसेखातर त्याचे वडिलोपार्जित दागिने मोडून नवे घडवावेत, तर आपण त्यास काय म्हणू? मग येथे टाळ्या का?

म्हणून वहिवाटदारांस आमचे निक्षून सांगणे आहे : जे केल्यावर परत फिरविता येणार नाही, ते महाजनांच्या सभेपुढे ठेवल्यावाचून करू नये. यंत्र आणण्यापूर्वी कोपऱ्यातील एक फळी पुसावी, तिला जवसाच्या तेलाचा एक हात द्यावा आणि चार दिवस थांबून ती पाहावी. पुष्कळ वेळा तेवढेच पुरेल.