गराजमधली खटपट : एकदा लावा, कायमचं विसरा?

मागच्या अंकातला बेसमेंटच्या पंपाचा लेख वाचून तिघाचौघांचे फोन आले. पंपाबद्दल कुणीच बोललं नाही. एका काकांनी मात्र विचारलं, "अहो, स्कीला एकदाच लावायचं औषध निघालंय म्हणे! मग तुम्ही दर शुक्रवारी ती इस्त्री घेऊन मेण कसलं लावत बसता?"

प्रश्न रास्त आहे. आमच्या डेन्व्हरकडच्या मंडळींत स्कीइंग न करणारं घर आता शोधावं लागतं. आईवडील लॉजमध्ये थर्मासमधला चहा पीत थालीपिठांचा डबा सांभाळतात आणि मुलं वरून सुसाट खाली येतात. घरात चार जोड्या असल्या की मेणाचा कार्यक्रम म्हणजे अख्खी संध्याकाळ.

आधी मेण लागतं कशाला ते पाहू. स्कीचा तळ पॉलिएथिलीनचा असतो. दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनचा हा भाऊबंद, फक्त याचे रेणू कितीतरी लांब. चांगल्या स्कीसाठी याची भुकटी दाबून, तापवून ठोकळा करतात आणि त्याची पातळ पट्टी सोलून काढतात. स्की बर्फावर घासली की उष्णता निर्माण होते, पाण्याचा अगदी झिरझिरीत थर तयार होतो आणि त्यावरून आपण घसरतो. बाउडन आणि ह्यूज या दोघा शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला प्रयोग करून १९३९ साली हे मांडलं. पाणी कमी पडलं तर बर्फाचे कण तळाला खरवडतात, जास्त झालं तर स्की चिकटल्यासारखी ओढली जाते. मेण दोन्हीकडे मदत करतं. म्हणून जानेवारीचं मेण कडक आणि एप्रिलचं मऊ.

थोडक्यात, मेणाची स्की म्हणजे आईचा बिडाचा तवा. तेल पाजत राहा, जन्मभर साथ देईल. आठवडाभर विसरलात तर धिरडं निघणार नाही. आणि कोटिंग म्हणजे नॉनस्टिक. फरक एवढाच, की नॉनस्टिकचा थर वर बसतो, हे द्रव तळात मुरतं असा बनवणाऱ्यांचा दावा आहे. यूटामधल्या डीपीएस कंपनीनं २०१७ साली 'फँटम' नावानं ते बाजारात आणलं. तळ स्वच्छ करायचा, द्रव पुसून लावायचं आणि अतिनील प्रकाशात पक्कं होऊ द्यायचं. पुढच्या आवृत्तीत तर उन्हात ठेवूनही भागतं. ऊन आमच्याकडे भरपूर!

माझं म्हणाल तर मी याच्याकडे आळसापोटी वळलो नाही. ती गोष्ट जरा वेगळी आहे.

२०१६ मध्ये मुलगी आठ वर्षांची असताना शर्यतींच्या वर्गात जायला लागली. तिथल्या एका पालकानं मला फ्लोरिनवालं मेण दिलं. ओल्या बर्फावर जादूच होती ती. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून मी गराजचं दार लावून घ्यायचो. कपड्यांची जुनी इस्त्री नको तेवढी तापायची (त्या इस्त्रीनं एक चांगला तळही जाळला; हे प्लास्टिक साधारण १३५ अंश सेल्सियसला वितळतं), धूर निघायचा, आणि मुलगी बादली पालथी घालून शेजारी बसायची. ब्रश हातात देणं हे तिचं काम. नोव्हेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं फ्लोरिनच्या मेणावर बंदी जाहीर केली, तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचायला बसलो. व्यावसायिक मेण लावणाऱ्यांच्या रक्तात ही रसायनं सामान्य माणसांच्या कितीतरी पट सापडल्याचं २०१० सालीच प्रसिद्ध झालं होतं. ती शरीरातून बाहेर पडायला वर्षानुवर्षं लागतात. मी इंजिनियर. डबा माझ्या हातात होता, आणि त्यावर काय लिहिलंय ते मी वाचलं नव्हतं.

हिला सांगायला मला दोन दिवस लागले. ती काही बोलली नाही. फक्त त्या शनिवारी घरातली नॉनस्टिकची सगळी भांडी बाहेर काढून ठेवली. आता गंमत पाहा, कोलोराडोच्या २०२४ च्या कायद्यानं १ जानेवारी २०२६ पासून या रसायनांच्या ज्या वस्तूंची विक्री बंद केली, त्यांत स्वयंपाकाची भांडी आणि स्कीचं मेण ही एकाच यादीत आहेत! महासंघाची बंदी २०२३-२४ च्या मोसमापासून प्रत्यक्षात आली.

असो. मी माझ्या जुन्या जोडीला कोटिंग केलं, मुलीची जोडी साध्या मेणाची ठेवली, आणि लव्हलँडच्या सौम्य उतारावर स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. माझी स्की, तिची स्की, अदलाबदल, पुन्हा. कोरड्या थंड बर्फावर जो फरक दिसला त्याहून जास्त फरक मी गुडघे किती वाकवतो यानं पडत होता. एप्रिलच्या ओल्या बर्फावर मात्र मेण सरळ जिंकलं. माझी स्की दुपारी दोननंतर रुसल्यासारखी चालायची. वरून मेण लावलं तरी चालतं, मी लावलंही. पण मग काकांचा प्रश्न पुन्हा तिथंच!

वर्षाला सहा-आठ वेळा जाणाऱ्या, आणि एरवी मेण कधीच न लावणाऱ्या घरांनी कोटिंग खुशाल करावं. कोरड्या, पांढुरक्या पडलेल्या तळापेक्षा ते केव्हाही बरं. वाढत्या मुलांच्या स्कीवर पैसे घालू नयेत, दोन वर्षांत त्या आखूड पडतात. भाड्याच्या स्कीचा तर प्रश्नच नाही. कडांना धार मात्र सगळ्यांनाच लावावी लागते, त्यावर औषध निघालेलं नाही. आणि काहीही घेतलंत तरी डब्यावर 'फ्लोरिनविरहित' लिहिलंय ना, ते दुकानातच वाचा.

मुलीच्या स्कीलाही कोटिंग करावं असा माझा विचार होता. ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाईल, तिथं इस्त्री कोण घेऊन बसणार? तिला विचारलं, तर म्हणाली, "बाबा, माझ्या स्कीला नको." का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हल्ली इस्त्री तीच धरते, मी ब्रश देतो. मेण साधं पॅराफिनचं. दार सताड उघडं असतं, त्यामुळे दोघंही जाकिटं घालून, नाक पुसत उभे असतो.